बाओ मास्तर कॅमेऱ्यासमोर बोलले

३ नोव्हेंबर
टीव्हीवाले येणार! आमच्या जुन्या गल्लीत! गल्लीच्या समितीचा माणूस सकाळी दारोदार सांगत फिरला — जुनी दुकानं, जुनी माणसं, शनिवारी चित्रीकरण. माझी रोटीची भट्टी तर घेणारच म्हणाला. सासऱ्यांनी बांधलेली भट्टी!
शेजारी बाओ मास्तर शेळीच्या केसांचे कुंचले बांधत बसले होते. त्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं." एवढंच! या माणसाला आनंद होतो तरी कशानं?

४ नोव्हेंबर
शांघायहून लेकाचा, छीहांगचा फोन. दुकान भाड्यानं दे, धूर खाणं पुरे, इकडे ये. नातीला, दोउदोउला, शाळेतून आणायला कुणी नाही. मग तिलाच फोनवर बोलावलं — "आजी, कधी येतेस?" लेकाला बघते म्हटलं. पण त्याच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरात मी दिवसभर करू काय? खाली बघत बसू?

६ नोव्हेंबर
समोरची चहावाली वू आज भर गल्लीत म्हणाली, "शुएयिंग, केस काळे केलेस ते टीव्हीसाठी की शेजाऱ्यासाठी?" मी पिठाचा हात तिच्यावर उगारला. पर्यटकसुद्धा हसले.
टीव्हीसाठीच केलेत. बहुतेक.

८ नोव्हेंबर
काय दिवस! झोप कसली येतेय.
सकाळपासून गर्दी. टीव्हीवाल्या मुलीनं मला भट्टीच्या आतल्या भिंतीवर रोटी थापायला लावली — पुन्हा, पुन्हा, धूर कमी करा, पुन्हा. एक रोटी फुटून मोहरीच्या पाल्याचं सारण निखाऱ्यावर पडलं. मी घामानं निथळत होते, तरी मजा वाटत होती!
मग ती बाओ मास्तरांकडे वळली. तुमचे सगळे जुने सोबती नव्या वस्तीत गेले, तुम्ही का राहिलात, असं तिनं विचारलं. मास्तर कुंचल्याला दोरा गुंडाळत राहिले. मला वाटलं, हा माणूस काही बोलत नाही.
मग वर न बघता म्हणाले, "शेजारी शुएयिंग आहे. ती आहे तोवर मी इथं आहे. तिचा नवरा गेल्यावर काही वर्षांनी तिला विचारायचं ठरवलं होतं. जमलं नाही."
कॅमेरा चालू! वूच्या हातातली किटली वाकडी झाली आणि चहा गिऱ्हाइकाच्या बुटावर. माझ्या रोट्या करपल्या — सगळा घाणा.
मी त्या मुलीला म्हटलं, हे काढून टाका.
मास्तर म्हणाले, "नको. राहू दे."

९ नोव्हेंबर
दुपारी नेहमीसारखी त्यांना गरम रोटी नेऊन दिली. कान तापले होते. त्यांनी रोटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग?"
मुलगा शांघायला बोलावतोय, नात लहान आहे, असं काहीबाही सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "नातीपुढे मी कोण? जा तू."
याच्यावर धड रागावताही येत नाही!

१० नोव्हेंबर
वूनं दिवसभरात जितकी गिऱ्हाइकं आली तितक्यांना सांगितलं. तिचा चहा मात्र खूप खपला.

१२ नोव्हेंबर
ठरलं. मी जात नाही! नात सुट्टीत इकडे येईल, मी सणाला तिकडे जाईन. पण राहायचं इथंच. सकाळी दुकानाच्या दाराच्या फळ्या काढता काढताच मास्तरांना सांगून टाकलं. त्यांनी तीच फळी दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. मग हसले. पुढचा एक दात नाही त्यांना, हे मला आज कळलं. इतकी वर्षं शेजारी राहून!
छीहांगला रविवारी फोन करायचा. काय बोलायचं ते भट्टीपाशी पुटपुटत असते. गिऱ्हाईक विचारतं, मावशी, मला काही म्हणालात?

१५ नोव्हेंबर
फोन करायची वेळच आली नाही. दुपारी छीहांग दारात उभा — सून, दोउदोउ, बॅगा, गाद्या. त्याची कंपनी उन्हाळ्यातच बंद पडलेली, तेव्हापासून काम शोधत फिरत होता. मला कळू दिलं नव्हतं. मी नातीला सांभाळलं असतं तर सूनही कामावर गेली असती, म्हणून बोलावत होता. आता घरभाडंही झेपेना. जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, भट्टी शिकवशील?"
त्याला जवळ घेतलं. आधी जेवायला घातलं सगळ्यांना.
दुकानावरच्या माळ्यावर तिघं मावतात, चौथं नाही. मी माझी उशी आणि रजई उचलली आणि वूच्या देखत शेजारी गेले.