तांबडीला मळ्यात ठेवलं, अक्का

प्रिय अक्का,

आज दुपारी तुझ्या लाडक्या कोंबडीला, तांबडीला, मळ्यातून घरी आणलं. दादांनी तिला खुराड्यात सोडलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मला मात्र चैन पडेना. हे सगळं जिला सांगायचं, तीच घरात नाही. धाकट्या जावेनं मोठीला पत्र लिहावं, तेही ती देवाघरी गेल्यावर, याला लोक हसतील. हसू देत.

तू गेलीस तेव्हा तुझ्या कोंबड्या म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. एक मुंगसानं नेली, एक अशीच मान टाकून गेली. खुराडं ओकंओकं दिसायला लागलं, तसं ह्यांनी धाड गावच्या बाजारातून नव्या तलंगा आणल्या. कोवळ्या, अजून अंड्यावर न आलेल्या. हौसेनं आणल्या गं! पण घरी येताच टोपली उचलली आणि सरळ खुराड्यात रिकामी केली.

सकाळी दार उघडलं तर काय कल्ला! नव्या साऱ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या, दोघींच्या डोक्यातून रक्त. आणि तांबडी मानेची पिसं फुलवून त्यांच्यासमोर उभी. तुझी तांबडी! तुझ्या मांडीवर बसून ज्वारी टिपणारी!

जखमांवर हळद दाबताना तुझी पद्धत आठवली. नवी कोंबडी आणलीस की तू तिला आधी अंगणात बांबूच्या डाल्याखाली झाकायचीस. जुन्या भोवती फिरायच्या, फटींतून आत बघायच्या. मी एकदा म्हणाले होते, "अक्का, कितीक दिवस कोंडशीन तिले?" तू सुपातलं धान्य पाखडतच म्हणालीस, "पाहू दे ना एकमेकींले. वळख झाल्याबिगर कोनी कोनाले घरात घेते का?"

मग मीही तसंच केलं. तलंगा बऱ्याच होत्या, डाल्यात मावेनात. म्हणून जुन्या खाटेच्या चौकटीला जाळी बांधली आणि खुराड्याच्या मधोमध उभी केली. अल्याड जुन्या, पल्याड नव्या. कण्या टाकायच्या त्या जाळीला लागूनच, दोन्ही बाजूंनी, म्हणजे तोंडाला तोंड लावून खातील. जुन्यांचं जाळीवर चोची मारणं थांबलं, तलंगाही अंगानं भरल्या, तेव्हा जाळी काढली. पाण्याची भांडी लांब लांब ठेवली. एकीनं अडवलं तर दुसरीकडे जाता यावं. सगळ्या रुळल्या, अक्का. तांबडी सोडून.

मी मिरची तोडायला गेले होते, त्या दुपारी तिनं पांढरी तलंग मारली. आले तेव्हा पांढरी आडवी पडलेली, डोकं फुटलेलं, आणि तांबडी शेजारी पाणी पीत होती. मला राग आला. तिचा नाही, तुझा! डालं ठेवायचं दाखवलंस, पण डाल्यानंही जी ऐकत नाही तिचं काय करायचं, ते का नाही सांगितलंस?

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "कापून टाकू तिले. आज एक मारली, उद्या दुसरी मारीन. अंडंबी देत नाई आता."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण दादांचा हात ताटातच थांबला. ते उठले, हात धुतला आणि अर्धी भाकर तशीच ठेवून बाहेर गेले.

तुला माहीतच आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून मी दादांशी कधी समोरून बोलले नाही. मोठ्या दिराशी बोलायचं नाही, ही रीत. जे काय ते तुझ्यामार्फत. "अक्का, दादांले चहा पायजे का?" असं मी तुला विचारायची. दादा तर पुढ्यातच बसलेले असायचे! आणि तू त्यांच्याकडे वळून तेच मोठ्यानं म्हणायचीस. स्वयंपाकघरात येऊन किती हसायचो आपण! मला 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायला तूच लावलंस. तुझ्याशी एवढं मोकळं, आणि त्यांच्याशी एक शब्द नाही. तू गेल्यावर मी नुसतं ताट ठेवते, ते जेवतात. तुझं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. तुझ्या कोंबड्यांपाशी बसून असतात, तेवढंच.

दुसऱ्या दिवशीही तिथंच बसले होते. तांबडी त्यांच्या पायाशी माती उकरत होती. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढं झाले.

"दादा, तांबडीले मळ्यात नेता का?"

त्यांनी दचकून वर पाहिलं, लगेच मान खाली घातली. "काऊन? तिथं कापता?"

"नाई, नाई! तिथं खोपीत एकटी राहू द्या थोडे दिवस. इथलं मोठेपण इसरू द्या. तवरिक नव्या मोठ्या होतीन. मंग आणू."

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एकटं राहाले लय जड जाते, बाई."

पण त्यांनी तिला खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि लेकराला न्यावं तसं काखेत घेऊन गेले.

त्यानंतर मळ्यातून आले की ते दारातूनच सांगायचे, "आज दाना शिवला नाई." मग एकदा, "आज खाल्लं थोडं." माझ्याकडे बघून नाही, पण मलाच! मी हातातलं काम करतच "हाव" म्हणायची.

आणि आज तिला आणलं. आता मोठ्या झालेल्या तलंगा तिच्यावर धावून गेल्या. काळीनं दोनदा टोचलं. तांबडी लढलीच नाही, अक्का. तिच्या जुन्या सोबतिणींनीही तिला ओळख दिली नाही. ती भिंतीला चिकटून बसली, अंग चोरून. आता कुणी मरणार नाही, हे खरं. पण मला तो विजय वाटेना. तिचंच घर होतं ना ते? तुला याहून मायेचा काही मार्ग सुचला असता का? की तूही हेच केलं असतंस?

मी ओट्यापाशी गेले. दादा म्हणाले, "जीव वाचला तिचा. पन लय उतरली."

"माह्यं चुकलं का, दादा?"

"काय मालूम." मग म्हणाले, "ते असती तर आपल्या दोघांयलेबी शिव्या देल्ल्या असत्या."

तू गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी तुझी आठवण काढली. हसायला गेले आणि तोंड दुपट्ट्यात लपवलं. मी आत पळाले नाही. उभी राहिले.

तांबडीला सुरी लागू देणार नाही, अक्का. तिच्या कोपऱ्यात मी तिची वेगळी कणी टाकीन आणि ती खाईपर्यंत बाकीच्यांना हाकत तिथंच थांबेन. आणि दादांना काय हवं, काय नको, ते मीच विचारीन. समोर उभी राहून, रोज.

तुझी धाकटी,
मंगला