बावन्नातून सत्तावीस

बदलापूर गाव,
२८ ऑगस्ट १९५६

चि. गुरुदत्त यास श्रीपाददादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी पुण्याची खुशाली दोन महिने कळलेली नाही, तेव्हा ती असणारच असं धरून चालतो. मावशींच्या गुडघ्यांना निर्गुडीचा शेक चालू ठेवणे. (हा तुझ्या वहिनीचा निरोप. मालिनीला माझ्या संशोधनापेक्षा मावशींचे गुडघे महत्त्वाचे वाटतात, आणि तिचं चुकत नाही.)

संशोधन म्हटल्यावर तू हसला असशील. पण वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गावर संशोधन करून निबंध तुमच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडावा, असा हुकूम आला आहे. आमची मुख्याध्यापकाची जागा दिवाळीत रिकामी होते आहे, ती हे निबंध बघूनच भरतील, अशी बातमीही मागोमाग आली. माझी सत्तावीस वर्षं झाली, आमच्या हरिचंद्रमास्तरांची एकतीस. "एकतीस वर्षं मी सांगतोय आणि पोरं ऐकतायत, आता मी कोणाला काय विचारू?" असं म्हणून त्यांनी तपकिरीची डबी उघडली. मी मात्र विषय घेतला, 'मुले वजाबाकीत का चुकतात'. आधी प्रश्नावली काढून सहकाऱ्यांना वाटली. सुनेत्राबाईंनी ती दुसऱ्याच दिवशी परत केली. माझे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून, खाली 'दहापैकी सहा, अक्षर सुधारा' असा शेरा मारून. उत्तरांच्या जागा कोऱ्याच. (रागावणार कसा? हाती आलेला कागद मीही आयुष्यात दुसऱ्या कशासाठी वाचलेला नाही.)

मग मुलांची चाचणी घ्यायची ठरवली. मला चुका हव्या होत्या रे! पण चाचणी म्हटल्यावर शाळेच्या अब्रूचा प्रश्न आला. हरिचंद्रमास्तरांनी आठवडाभर तीच गणितं घोटून घेतली, आणि त्रेसष्ट पोरांपैकी बासष्टांची सगळी उत्तरं बरोबर! मी कपाळावर हात मारला. उरली सखू. ती तो आठवडाभर भाताच्या आवणीला, रोपं लावायला, शेतावर होती, म्हणून घोटण्यातून सुटली. तिने बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस आणले होते. चुकलेलं गणित बघून आनंद झाला, असा तो नोकरीतला पहिलाच दिवस.

तिला जवळ बोलावलं, तर तिने सवयीने हात पुढे केला, छडी खायला. म्हटलं, मारत नाही, पस्तीस कसे आणलेस तेवढं सांग. म्हणाली, "गुर्जी, तुमीच सांगलंत ना, ल्हान्यातून मोठा जात नाय? दोनातून सात जात नाय, मंग मी सातातून दोन काढलं."

गुरुदत्ता, ते वाक्य माझंच आहे. सत्तावीस वर्षं फळ्यापाशी उभा राहून तेच सांगत आलो, आणि ज्यांनी ते मनापासून ऐकलं तेच मार खात आले. मला फार वाईट वाटतंय. काल जुने हजेरीपट काढून नावं वाचत बसलो. कमळाकर, अंजनी, तुळशी. या सगळ्यांना मी 'ढ' म्हणत असे. तुळशीने तर शाळाच सोडली. एकदा, फक्त एकदा 'कसं केलंस गं' एवढं विचारलं असतं, तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

असो. निबंध सोबत जोडला आहे, तो तुमच्या साहेबांच्या हाती पोचता कर. मावशींना साष्टांग नमस्कार.

तुझा,
श्रीपाददादा

ता. क. निबंधाचा निष्कर्ष असा आहे की, मुले घरी सराव करीत नाहीत.

ता. क. दुसरा. खरा निष्कर्ष सोबतच्या सुट्या पानावर आहे. ते पान मी दोनदा टाचलं आणि दोनदा काढलं. मुख्याध्यापक व्हायला निघालेल्या माणसाने आपल्या चुकीचा दाखला आपणच द्यावा का? मालिनीला विचारलं, तर ती नुसती बघते. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच, की घरी सराव न करण्याचं पान फाडून टाक आणि हे त्याच्या जागी तू टाचून दे. माझ्या हातून व्हायचं नाही. उद्या-परवा 'पान लावू नये' अशी माझी तार येईल. ती फोडू नकोस.