गुणिले एक

खारघर, गुरुवार, संध्याकाळ

उद्या अनुदानाची समिती येणार. खाडीच्या भरतीचा अंदाज काढायला सरकारने आमच्या कॉलेजला महासंगणक दिला, पण करावे खाडीतली मोजमापं इथवर आणणारी नेटवर्कची लाइन दुसऱ्या योजनेत आहे आणि तिची मंजुरी अजून आलेली नाही. म्हणून मशीन बहुतेक वेळ रिकामं असतं. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "रिकामं दिसलं तर पुढचं अनुदान विसर. काहीतरी चालू ठेव." मी ठेवलं. प्रत्येक आकड्याला एकाने गुणायचं, पुन्हा पुन्हा. वापर शंभर टक्के.

दुपारी आमचे शिपाई दामाकाका आले. त्यांचं घर करावे गावात, खाडीला लागून. पंख्यांचा आवाज ऐकून म्हणाले, "आज लय काम करतंय, मॅडम. आमच्या खाडीचाच ना? काय निघालं?"

"जे होतं तेच," मी म्हटलं. एकाने गुणल्यावर दुसरं काय निघणार? वाक्य अचूक होतं. म्हणूनच निवडलं का मी ते?

"म्हंजे पानी वर येनार नाय. मंग या साली घराचा जोता उंच करायला नको." हसत गेले.

मी थांबवलं नाही. सर शेजारी उभे होते, हे कारण लिहून पाहिलं. पुरत नाही. एकाने गुणलं मी, आणि त्यावरून त्यांनी घराची उंची ठरवली.

सकाळी कुलूप काकाच उघडतात. आधी त्यांना खरं सांगायचं. मग समितीपुढे वेगळं बोलता येणार नाही, कारण चहा घेऊन तेच आत येतील.