न तपासलेलं रक्त

राजोडी,
११ ऑक्टोबर २००९

प्रिय बेला,

दोहाला फोन लावायला तीनदा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा रिंग वाजायच्या आत ठेवून दिला. बोलायला लागले की मी रडणार, मग तूच माझी समजूत काढणार आणि सांगायचं ते राहून जाणार. म्हणून हे पत्र. एकटी असताना वाच.

इकडे आता शांत आहे. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस क्वचित दिसतो. ऑगस्टमध्ये मात्र स्वाइन फ्लूच्या नावानं सगळी वसई घाबरून गेली होती. शाळा बंद झाल्या, चर्चमध्ये मिस्सेला बाकावर दोघांमध्ये हातभर जागा सोडायला लागले. आमच्या आरोग्य केंद्रात आदेश आला, ताप-खोकल्याच्या माणसाला आत घ्यायचं नाही, बाहेर मांडवात टेबल टाकून तपासायचं. वीस वर्षं मी एकच काम केलंय, तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरिया शोधायचा. मला त्या टेबलावर बसवलं. डासांच्या फवारणीच्या पोरांना फ्लूची पत्रकं वाटायला पाठवलं. तुळिंजच्या चाळींत पाण्याची पिंपं उघडी, बांधकामांच्या टाक्या तुडुंब, आणि तिकडे फिरकायला कोणी नाही. मांडवात एक कोळीण मला म्हणालीसुद्धा, "बाय, फ्लू फ्लू करता, मंग माझं रगत कोन बघनार?" मी तिला रांगेत पुढे सरकायला सांगितलं.

अकरा ऑगस्टला सकाळी सर आले. तुझे बाबा, पण माझ्या तोंडात अजून सरच येतं. चौथीत आपल्या दोघींना एकाच बाकावर बसवून पाढे म्हणून घेणारे बॅप्टिस्ट सर. ताप होता, थंडी वाजत होती. एवढ्या पावसात चालत आले होते, आणि आल्या आल्या स्वतःच चार हात लांब उभे राहिले. म्हणाले, "मटिल्डा, नियम काय आहे ते सांग, मी पाळतो." सवयीनं मी त्यांचं बोट टोचलं, काचेवर पेन्सिलीनं नाव घातलं, काच डब्यात ठेवली. डब्यात तशा न तपासलेल्या साठ-सत्तर पडून होत्या. मग कागदावर होतं ते मी वाचून दाखवलं. सात दिवस वेगळी खोली, दार बंद, जेवण दाराबाहेर ठेवायचं, घरातल्या कोणी आत जायचं नाही. तुझी वहिनी ॲनी बरोबर होती. तिला बाजूला घेऊन मी बजावलं, घरात लहान मूल आहे, दया म्हणून दार उघडशील आणि मूल घालवशील.

सर कसे होते तुला माहीत आहे. त्यांनी आतून कडी लावली. पहिले दोन दिवस ॲनी विचारायची आणि ते आतून "बरा आहे" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ताटं तशीच परत येऊ लागली. चौथ्या दिवशी ते आत मोठ्यानं पाढे म्हणत होते. ॲनीनं मला फोन केला. मी म्हटलं, ताप डोक्यात गेला असेल, कपाळावर ओली पट्टी ठेवायला सांग त्यांना. 'त्यांना सांग' म्हटलं मी, 'तू ठेव' असं म्हटलं नाही. पाचव्या दिवशी तुझ्या भावानं, ज्युलियसनं, दार फोडलं, इस्पितळात नेलं, आणि सतरा तारखेच्या पहाटे सर गेले. पेटी उघडू दिली नाही. दफनाला सहा माणसं होती. तुला येऊ नको म्हणून सांगणारीही मीच होते.

आठ दिवसांनी इस्पितळात घेतलेल्या त्यांच्या घशाच्या नमुन्याचा अहवाल आला, फ्लू नव्हता. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी आतल्या कामावर परतले. त्याच आठवड्यात बैठकीत साहेबांनी आमच्या केंद्राचं कौतुक केलं, मलेरिया गेल्या वर्षीच्या ऑगस्टच्या निम्म्यावर आला म्हणून. काही आजार खरंच कमी झाले होते. शाळा बंद, हात धुणं वाढलेलं, त्यामुळे पोरांचे जुलाब नि सर्दी-पडसं कमी. मलेरिया मात्र आम्ही बघितलाच नव्हता, म्हणून कागदावर कमी होता. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. परत येऊन डब्यातल्या काचा एकेक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेतल्या. काचा जुन्या झाल्या होत्या, दमटपणानं खराब झालेल्या, पण सरांच्या काचेत शंकेला जागा नव्हती. मेंदूत जातो तो मलेरिया. त्याच्या गोळ्या माझ्या टेबलामागच्या कपाटात होत्या, त्या दिवशीही होत्या. त्यांचं रक्त तेव्हाच बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. महिनाभर मी हे पोटात ठेवलं.

परवा ॲनी तुझं पत्र घेऊन माझ्याकडे आली. त्यात तू तिला लिहिलं आहेस की फ्लू नव्हताच, तर माझ्या बापाला कोंडून तू मारलंस, आणि त्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. ते वाचून मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, निदान तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मग तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले असते, तर आमच्या बाळाला काहीच झालं नसतं?" मला 'हो' म्हणावं लागलं, बेला. तेव्हापासून ती कोणाशी बोललेली नाही, बाळाला घेतसुद्धा नाही. दार तिनं माझ्या सांगण्यावरून बंद ठेवलं होतं. दोष तिचा नाही, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायला हवं, माझ्या तोंडच्या शब्दाला आता काही किंमत नाही. पत्र मिळताच तिला फोन कर. मला करू नकोस.

आजवर तुझीच म्हणवत आलेली,
मटिल्डा