एकशे आठ चिनी हात, केसभरही न बदलता

३ एप्रिल १९११, कडा
आजपासून रोजनिशी. कचेरीत निजामाची फसली तारीख, घरात तिथी. मी इंग्रजी घालणार. नगरला जाऊन तीन इयत्ता इंग्रजी शिकलो, ते वाया का घालवावं?
काका वारले. तालमीचं वस्तादपद रिकामं आहे. पंच नागपंचमीला ठरवणार. रीत जुनी. उमेदवाराने आखाड्यात गुडघे वाकवून उभं राहायचं, गावातल्या कुणीही येऊन त्याला जागचं हलवून दाखवायचं. कुणी आलंच नाही तर मारुतीची आरती होईपर्यंत तसंच उभं राहायचं. मामुली काम. तीन पिढ्या हे पद आमच्या घरात आहे, चौथी पिढी मी.
दुसरा उमेदवार म्हाळू. रोज हजार बैठका मारतो. निव्वळ बैल. माझं कापडाचं दुकान, मला बैठका मानवत नाहीत.

४ एप्रिल, सकाळ
मार्ग सापडला. धुळाजी पेन्शनर इंग्रजांच्या पलटणीतून चीनच्या लढाईला गेला होता. तिथल्या एका नावाड्याकडून लढायच्या विद्येचे एकशे आठ हात शिकून आला. रोज लिंबाखाली करतो, इतके सावकाश की अंगावरची माशीसुद्धा उठत नाही. घाम नाही, बैठका नाहीत, सगळी आतली ताकद. ही विद्या माझ्यासाठीच निघाली असावी.
पाय धरले. म्हणाला, शिकवतो, पन आदी म्हैनाभर गुडघे वाकवून नुसतं उभं ऱ्हायाचं. मी कपिलधारच्या समाधीची शपथ घेतली. परंपरेत केसभरही बदल करणार नाही.

९ एप्रिल
उभं राहणं बंद. ते अडाण्यांसाठी असावं. शिकलेल्या माणसाला थिअरी कळली की पुरे. थेट हातांना सुरुवात केली.

२४ एप्रिल
गुडघे इतके वाकवायची गरज नाही. चिनी माणूस मुळात ठेंगणा, धुळाजीला तो वाकलेला वाटला असणार. मी ताठ उभ्याने करतो. हा बदल नव्हे, दुरुस्ती आहे.

११ मे
एकच हात सहा-सहा वेळा येतो, पुराणिकबुवांच्या दृष्टांतासारखा. रिपीट तेवढे काढले. एकशे आठाचे एकोणचाळीस झाले. धुळाजीने विचारलं, कावून तोडलं? तासभर समजावलं. शेवटी त्याने चिलीम पेटवली. पटलं.

२६ मे, दुपार
ऊन फार. प्रॅक्टिस आता दुकानात, गादीवर बसून. विद्या आतली, तिला पाय कशाला? पाय लागणारे हात वगळले. उरले आठ. सार तेवढंच असतं.
बायको म्हणाली, गिऱ्हाइकाला वाटतंय तुमी माशा हाकताय. शिवकांताला आतलं काही दिसत नाही.

८ जून
चार शिष्य झाले. क्लासनंतर त्यांना आटीव दूध देतो. आतल्या ताकदीला लागतं. आज आठव्या हाताला माझं धोतर सुटू लागलं, ते सावरलं. चौघांनीही आपापलं धोतर सावरलं. आता नववा हात म्हणून तोच कायम. नाव ठेवलं, मेघ कमरेस बांधणे. प्राचीन वाटतं.

१९ जून
म्हाळूही एप्रिलपासून धुळाजीकडे जातो म्हणे, दिवस उगवायच्या आधी. पहिला महिना नुसता उभा होता. पोट धरून हसलो.

१२ जुलै
अनर्थ. म्हाळूने चिनी हातांत कुस्तीचे डाव मिसळले. परंपरेत भेसळ. पंचांकडे तक्रारीचा अर्ज दिला. पंचांचे म्होरके आप्पा, त्यांनी सगळ्यांसमोर धुळाजीला बोलावलं. तो म्हणाला, त्या चिन्यानं बी त्याच्या वस्तादाचं जरा बदललं व्हतं. म्या बी बदललंय. ह्यानं समदं शिकून बदललं, मंग कावून अडवू?
आप्पांनी अर्ज परत केला. वर विचारलं, अण्णाराव, तुमचे हात किती? मी म्हणालो, नऊ. एकदम सगळ्या पंचांना खोकला आला. हवा पावसाळी आहे.

२९ जुलै
शेवटची प्रॅक्टिस. चौघांनी मिळून ढकललं, तसूभरही हललो नाही. मग दूध दिलं. उद्यासाठी दुकानातला जरीकाठी फेटा काढून ठेवला. शिवकांताला म्हणालो, उद्या वस्तादीणबाई म्हणतील तुला. ती बरं म्हणाली आणि पीठ दळायला गेली.

३० जुलै, नागपंचमी
घडलं तेवढंच लिहितो. आधी म्हाळू उभा राहिला. सात जण आले, सातही मातीत गेले.
मग मी. हलगी वाजली. आप्पांनी पुकारा केला, कोन येतंय फुडं? कुणी उठलं नाही. दुसरा पुकारा, तिसरा पुकारा. तरी नाही. मला वाटलं, धाक बसला. शिष्यांकडे पाहिलं, चौघे म्हाळूच्या मागे बसले होते. आरती सुरू झाली. आप्पा म्हणाले, गुडगे वाकवा. वाकवले. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला मांड्या लटलट कापायला लागल्या. ते संपायच्या आत मी मातीत बसलो. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आप्पा जवळ येऊन हळूच म्हणाले, तुमच्या काकाकडं बघून कुनी फुडं आलं न्हाई. आमाला वाटलं, आरतीपत्तुर तर ऱ्हाताल.
म्हाळू वस्ताद झाला. त्यानेच हात देऊन उठवलं. तोही बिचारा खाली बघत होता. तेव्हा मला फार लाज वाटली.
घरी आलो. शिवकांताने हळद-तेल गरम करून ठेवलं होतं. म्हणाली, कुटं लागलं? सगळं अंग चाचपून पाहिलं. कुठेच लागलं नव्हतं.