तीनदा चुकलेला बाबा

आमच्या घरच्या फौजदारबाईंना,
त्यांनी ब्लॉक केलेल्या बाबाचे गोड गोड पापे.

मी ठणठणीत आहे. फक्त माझा फोन इथे कामावर, लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगातून धुलाईच्या मशीनमध्ये गेला आणि चकचकीत होऊन मेला. म्हणून नव्या नंबरवरून फोन केला, तर तू विचारलंस, "आधी सांगा, माझ्या सायकलचं नाव काय?"

प्रश्न मीच ठरवलेला, आणि उत्तर मीच विसरलो! मागून आई म्हणत होती, "अगं, त्यांचाच आवाज आहे." तू म्हणालीस, "आवाजाची नक्कल करता येते, बाबांनीच शिकवलंय." तिसरं उत्तर चुकलं आणि तू मला ब्लॉक केलंस.

इथे इस्त्रीच्या खोलीत सगळे पोट धरून हसले. एकटे शेजारच्या टेबलावरचे काका हसले नाहीत. त्यांच्या आवाजात कुणीतरी त्यांच्या घरी फोन केला होता आणि त्यांच्या आईने ओटीपी सांगून टाकला होता. ते म्हणाले, "हुशार आहे रे तुझी पोरगी."

काल उशीच्या अभ्र्याला इस्त्री करताना नाव आठवलं. मी निघालो त्या सकाळी, रडू येऊ नये म्हणून, तू ते ठेवलं होतंस. कसा विसरलो गं मी? पण इथे लिहिणार नाही. गुपित कुठे लिहायचं नाही, हाही नियम माझाच.

आईचा खोकला थांबला का? तिला ब्लॉक काढायला सांग. रविवारी फोन तूच उचल आणि आधी प्रश्न विचार. उत्तर बरोबर आलं, की मग मात्र तासभर नुसतं "बाबा, बाबा" कर.

ओळख पटायची वाट बघणारा,
बाबा