गनर कधी पीत नसतो

५ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून दारू बंद. निदान मेडिकल होईपर्यंत तरी.

सकाळी तियो नेस्तोरचा फोन. हा माझा मामा, मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम आहे. सेबू शहरातल्या जहाज-एजन्सीत त्याने माझ्यासाठी शब्द टाकलाय. एप्रिलच्या मध्याला एक जहाज निघतंय, त्यावर कॅडेटची एक जागा आहे. अठरा मार्चला मेडिकल. लिव्हरची रक्ततपासणी फार कडक असते म्हणे. मामाने विचारलं, तेयो, पितोस का रे? मी म्हणालो, छे.

खोटं नव्हतं ते. मी पीत नाही, मी गनर आहे. बोर्डिंगच्या मागच्या अंगणात आम्ही चौघं बसतो तेव्हा ग्लास एकच असतो. तो भरून ज्याच्या त्याच्या हातात देणारा, कोणाला किती चढली यावर नजर ठेवणारा, तो गनर. जबाबदारीचं काम. पितात ते बुटसोय, क्लिंट आणि आल्ड्रिन. मी फक्त वाढतो. आता वाढणाऱ्याच्याही तोंडात चार घास जातात, तेवढंच.

जहाजावरचे अधिकारी रोज लॉगबुक लिहितात. सवय असावी म्हणून ही डायरी.

६ फेब्रुवारी

मित्रांना निर्णय सांगितला. सांगायचा तर रीतसर सांगावा, म्हणून सगळ्यांना अंगणात बोलावलं. आल्ड्रिनची उद्या परीक्षा, तरी उठवून आणला. आणि एवढी मोठी बातमी कोरडीच कशी सांगणार? रम आणली. बुटसोयचे डोळे भरून आले. म्हणाला, तेयो, तू कॅप्टन होणार लेका! अशा वेळी ग्लास परत केला असता तर त्याला काय वाटलं असतं? शेवटची म्हणून घेतली. मग क्लिंटला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यासाठी एक शेवटची.

उद्यापासून बंद.

७ फेब्रुवारी, दुपार

डोकं ठणकतंय. कालचं डुकराच्या कातडीचं चिचारोन जुन्या तेलात तळलेलं असणार. नेव्हिगेशनचा तास बुडाला. नांग लोलिंगला तेलाबद्दल स्पष्ट सुनावलं. खालचं दुकान तिचं, वरचं बोर्डिंगही तिचंच, तेव्हा तिला कळायला हवं. ती म्हणाली, तेल ताजं होतं, तू रिकाम्या बाटल्या उचल आधी.

विषय बदलायची या बाईला सवयच आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार

मोठं यश. काल बसलो, पण फक्त गनर म्हणून. रीतीप्रमाणे पहिली धार जमिनीवर सांडली, न दिसणाऱ्या मंडळींसाठी. मुद्दाम जरा जास्त सांडली. बघायला गेलं तर माझ्यापेक्षा जमीनच जास्त प्यायली. मला फक्त चव बघावी लागली. दर फेरीला बघावी लागली, कारण कोला ओतला की प्रमाण बदलतं आणि कोणाला कडक लागली तर नाव गनरचं जातं.

१४ फेब्रुवारी

क्लिंटला त्याच्या मैत्रिणीने सोडलं. आजचाच दिवस मिळाला तिला. तो म्हणत होता, मला झोपू दे. मी म्हणालो, असा एकटा झोपलास तर खचशील. दंडाला धरून अंगणात आणला. दोन घोट घेतले आणि उठून गेला, म्हणाला, झोपच बरी. बुटसोय आणि आल्ड्रिन त्याला सोडायला म्हणून वर गेले, ते आलेच नाहीत. बाटली उघडलेली. तशीच ठेवली तर वास उडतो.

मित्राच्या दुःखात मी काटकसर करणारा माणूस नाही.

१५ फेब्रुवारी

उपाय सापडला! शेवग्याच्या पाल्याचं सूप. लिव्हर आतून धुऊन निघतं. आदल्या दिवशी काय झालं ते लिव्हरला आठवतच नाही, असं एका व्हिडिओत सांगितलंय. सकाळी दोन वाडगे प्यायलो. दुपारी कारलं खाल्लं. आत्ता लिव्हरच्या जागी हात लावून बघितला. हलकं वाटतंय.

२३ फेब्रुवारी

नांग लोलिंगचे दीर वारले. अंत्यविधीपर्यंत शवपेटी घरातच ठेवली होती, रोज माणसं येऊन बसायची, पत्ते चालायचे, रम असायचीच. मी त्यांना हयातीत पाहिलं नव्हतं, पण आपल्या घरमालकिणीचे दीर म्हणजे आपलेच. शेवटचा मान म्हणून घेतली. त्यांच्या बायकोने आग्रह केला. म्हणजे तिने विचारलं होतं कॉफी घेणार का, पण तिच्या आवाजावरून मला कळलं तिला काय म्हणायचंय ते. काल सलग तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने विचारलं, बाळा, तू त्यांचा कोण? मी म्हणालो, काकू, नातं रक्ताचंच असावं असं थोडंच आहे? तर तिला रडू आलं. बुटसोय म्हणाला, चल आता घरी, लाज काढू नकोस.

अंत्यविधीला मात्र जाता आलं नाही. सकाळची वेळ ठेवली होती.

२ मार्च, शनिवार

बुटसोयने जुनी मोटरसायकल घेतली. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. बुटसोय म्हणाला, झालं, पुरे. मी म्हणालो, वेडा आहेस का? नवीन गाडीवर मित्रांचा घोट पडला नाही तर पहिल्याच वळणावर घसरते. असल्या बाबतीत मी अंधश्रद्ध नाही, पण उद्या काही झालं तर जन्मभर मनाला लागून राहील. समुद्रकाठी कच्च्या माशाचं किनिलाव केलं. मासा ताजा, व्हिनेगर झणझणीत. बुटसोय गाडी चालवायची म्हणून प्यायला नाही. आल्ड्रिनने पोटदुखीचं सांगितलं. त्यांच्या वाटणीचं सगळं गनरवर आलं.

माझ्या मऊ स्वभावाचा सगळे फायदा घेतात.

६ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून घेतली. फादर म्हणाले, ईस्टरपर्यंत प्रिय गोष्टीचा त्याग करा. मी तिथल्या तिथे रम सोडली. अंगावर काटा आला. बाहेर पडताना खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फक्त बिअर. ती धान्याची असते.

१७ मार्च, सेबू

उद्या मेडिकल. लॉजवर उतरलोय. आठवडाभर फक्त बिअर, सूप आणि कारलं. इतका स्वच्छ मी लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनलाही नव्हतो. तियो नेस्तोरला फोन करून सांगितलं, डॉक्टरच अचंबित होतील.

१८ मार्च

डॉक्टरीणबाई अचंबित झाल्या.

म्हणाल्या, वय वीस आणि लिव्हरचा आकडा चाळिशीतल्या माणसाचा. पितोस? मी म्हणालो, मित्रांमुळे कधीतरी. त्या म्हणाल्या, मग थोडे दिवस मित्रांना सोड. दोन एप्रिलला पुन्हा रक्त दे. तेव्हा आकडा खाली दिसला तर सही करीन, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

मित्रांना सोड! किती सहज बोलतात माणसं. बुटसोयसारख्याला एकटं टाकून जायचं? त्यांना गनर कोण?

१९ मार्च

मित्रांना सांगितलं. क्लिंट उठला, आमचा ग्लास धुतला आणि नांग लोलिंगच्या फळीवर पालथा घातला. बुटसोय म्हणाला, तुझा रिझल्ट येईपर्यंत इथे कोणी पिणार नाही. आल्ड्रिन म्हणाला, बिअरसुद्धा नाही, तेयो. धान्याची असली तरी.

माझ्यासाठी एवढा त्याग! मी म्हणालो, तुम्ही कशाला स्वतःचे हाल करता, तुम्ही प्या, मी वाढतो. ऐकेचनात.

२३ मार्च, शनिवार

अंगणात गेलो. कोणी नाही. बुटसोय बास्केटबॉलला, आल्ड्रिन लायब्ररीत, क्लिंट दुसऱ्या मुलीला फोन करतोय. त्यांना आतून किती जड जात असेल ते मला कळतं, म्हणून एकेकाला गाठून धीर दिला. वाटलं तर थोडी घेऊया, म्हटलं. बुटसोय म्हणाला, खरं सांगू? मला रम कधी आवडलीच नाही रे, छातीत जळजळतं. तू ग्लास घेऊन दारात उभा राहायचास, नाही म्हटलं तर तोंड पाडून बसायचास, म्हणून यायचो.

मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलतो बिचारा. असे मित्र नशिबाने मिळतात.

२६ मार्च

अचानक बंद करणं लिव्हरला झेपत नाही. हळूहळू उतरवावं लागतं, जहाजाचा वेग उतरवतात तसं. खाली छोटी बाटली मागितली तर नांग लोलिंग म्हणाली, पोरांनी सांगून ठेवलंय, तुला द्यायची नाही. शेवग्याचा पाला हवा तर घेऊन जा. मी म्हणालो, बुटसोयसाठी हवीय. ती म्हणाली, बुटसोयला पाठव.

पलीकडच्या गल्लीत आणखी एक दुकान आहे. तिथे मला कोणी ओळखत नाही.

समुद्राच्या कठड्यावर बसलो. एकट्याने पिणं मला अजिबात मान्य नाही, ते दारुड्याचं लक्षण. म्हणून रीतसर फेरी केली. पहिली धार जमिनीला. मग बुटसोयची भरली, ती त्याच्या वतीने घेतली. मग क्लिंटची. मग आल्ड्रिनची, त्याची नेहमीसारखी अर्धीच. माझी पाळी आली तेव्हा मी नको म्हणालो.

संयम असतो तो असा.

३० मार्च

ताताय, म्हणजे माझे वडील आले. सिकिहोर बेटावरून सकाळच्या बोटीने, न कळवता. नानायने, म्हणजे आईने, सुकवलेला मासा पाठवलाय, आणि तातायनी माझ्यासाठी काळे बूट आणलेत. जहाजावर लागतात म्हणून. गावच्या चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडूनही आणलेत. जवळ घ्यायला पुढे झाले तेव्हा मी तोंड फिरवलं, म्हटलं, सर्दी आहे. कठड्यावरून येऊन फार वेळ झाला नव्हता. ताताय म्हणाले, बघू, ताप आहे का? माझ्या कपाळावर हात ठेवला. आयुष्यभर होडीचे दोर ओढलेला हात, खरखरीत. मी श्वास रोखून उभा.

मग अंगणात मित्रांबरोबर बसले. बुटसोयने सांगितलं, काका, तेयोसाठी आम्ही सगळ्यांनी सोडलीय. ताताय उठले आणि एकेकाचा हात दोन्ही हातांत घेतला. माझाही घेतला.

आता मात्र खरंच बंद. ही शेवटची पायरी आहे आणि मी ती चढणार.

३१ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेलो. दिवसभर काही नाही. संध्याकाळी हात जरासा थरथरत होता, बूट घालून बघताना नाडी बांधता येईना. तातायनी खाली बसून बांधली. म्हणाले, घट्ट होतायत का? म्हटलं, नाही, बरोबर आहेत.

ते उद्याच्या बोटीने परत जाणार. मीही उद्याच सेबूला.

१ एप्रिल, सेबू

लॉजवर. झोप लागत नाही. झोप नसली तर रक्तात दोष दिसतो, हे विज्ञान आहे. झोपेपुरती घेतो. बुटसोय, क्लिंट, आल्ड्रिन यांची आज गरज नाही, घाई आहे.

२ एप्रिल

आकडा चढलाय.

डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि पेन बंद केलं. मी शेवग्याच्या पाल्याचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, बाहेर पुढचा मुलगा बसलाय, त्याला आत पाठव. उंच, किडमिडीत पोरगा होता. त्याने मला विचारलं, दुखतं का रे? मी म्हणालो, नाही.

तियो नेस्तोरचा मेसेज. जागा त्या पोराला गेली. पुढे एवढंच, मी तुझ्यासाठी शब्द दिला होता.

३ एप्रिल, परतीची बोट

खाडी शांत आहे. वरच्या डेकवर बसून विचार केला. एकूण बघता माझी फसवणूक झाली. सोबत वाईट असली की चांगला माणूसही ओढला जातो. वेळीच दूर व्हायला हवं होतं. घरी हेच सांगायचं ठरवलं.

तेवढ्यात तातायचा फोन. तियो नेस्तोरने त्यांना आधीच कळवलं होतं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं झालं असतं. म्हणाले, दोंग, बाळा, जेवलास का? मग म्हणाले, झालं ते झालं, पण एवढी कोणाबरोबर पीत होतास? मी म्हणालो, ताताय, तुम्हाला माहीत नाही, ही बोर्डिंगची मुलं फार आग्रह करतात. रोज बोलावतात. नाही म्हणता येत नाही. बुटसोय तर हात धरून बसवतो.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

मग ताताय हळू आवाजात म्हणाले, मी परत गेलोच नाही, बोर्डिंगवरच थांबलो. तुझा रिझल्ट ऐकून जाऊ म्हटलं. पोरांनी तुझ्यासाठी शेवयांचं पान्सित केलंय, सगळे जेवायचे थांबलेत. फोन स्पीकरवर आहे, दोंग.

बोट धक्क्याला लागली. माणसं उतरली, कोंबड्यांच्या टोपल्या उतरल्या, मोटरसायकली उतरल्या. खलाशी दोनदा येऊन म्हणाला, चला, उतरा. मी म्हटलं, उतरतो.